धंद्याआधीची पंधरा क्रेडिटं

इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टनला दर ऑगस्टमध्ये काही मराठी मुलं दोन भल्यामोठ्या बॅगा, एक प्रेशर कुकर आणि एक गैरसमज घेऊन उतरतात. बॅगा आणि कुकर कस्टममधून सहीसलामत सुटतात. गैरसमज पहिल्याच आठवड्यात पकडला जातो. तो असा, की आपल्याला बिझनेस स्कूलला प्रवेश मिळाला आहे. प्रत्यक्षात प्रवेश मिळालेला असतो इंडियाना विद्यापीठात. केली स्कूल ऑफ बिझनेस हे त्याच विद्यापीठाचं आतलं दालन, आणि त्याला वर्षानुवर्षं दोन दारं आहेत. शाळेतले गुण आणि अर्ज फारच चांगला असेल तर पहिल्याच दिवशी थेट आत. बाकीच्यांनी 'प्री-बिझनेस' अशी पाटी लावून आधी ठरावीक विषय घ्यायचे, त्यांत बऱ्या ग्रेड मिळवायच्या आणि मग पुन्हा अर्ज करायचा. अटी दर काही वर्षांनी बदलतात, रांग बदलत नाही. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातही फॉस्टर स्कूलच्या दाराशी अशीच मुलं ताटकळत असतात.

इकडे ठाण्याच्या सोसायटीत पेढे वाटून झालेले असतात. पेढ्याला 'प्री' नसतं.

या ठाणेकराच्या आयुष्यात विषय निवडण्याचा प्रसंग आजवर एकदाच आलेला असतो, दहावीच्या निकालानंतर, आणि तेव्हाही निवड खरी टक्क्यांनीच केलेली असते. एकदा कॉमर्स म्हटलं की बीके, ओसी आणि अर्थशास्त्र आपापल्या पायांनी घरात येतात. एसपी घ्यायचं की मॅथ्स, एवढाच काय तो प्रश्न उरतो आणि त्याचंही उत्तर बाबांनी दिलेलं असतं. त्याच्याआधी एफवायबीकॉमला गेलेल्या मोठ्या मित्रांनी वेळापत्रक कधी 'बनवलेलं' नाही. ते नोटीस बोर्डावर लागतं, मोबाइलवर त्याचा फोटो काढायचा, आणि मग लेक्चरला बसायचं की कँटीनमध्ये, एवढंच स्वातंत्र्य. अशा मुलासमोर हजारो कोर्स ठेवून, सोमवारी सकाळी काय शिकायला आवडेल असं विचारणं हा एक प्रकारचा छळच आहे, आणि त्याची फी डॉलरमध्ये भरायची असते.

याचा जाब विचारायचाच झाला तर हार्वर्डच्या चार्ल्स विल्यम एलियट यांना विचारावा लागेल. १८६९ साली ते अध्यक्ष झाले तेव्हा तिथेही कारभार आपल्यासारखाच होता: ग्रीक, लॅटिन, गणित, सगळ्यांना सारखं, बसा आणि पाठ करा. एलियट चाळीस वर्षं खुर्चीवर राहिले आणि एकेका सक्तीच्या विषयाला घरी पाठवत गेले. शतक संपत आलं तेव्हा सक्तीचं असं जवळपास एकच उरलं होतं, ते म्हणजे पहिल्या वर्षाचं इंग्रजी लेखन. ते कोणालाच हलवता आलं नाही, आजही येत नाही.

पण प्रत्येकजण वेगळंच काहीतरी शिकणार असेल, तर कोण किती शिकला हे मोजायचं कशात? उत्तर आलं पेन्शनच्या बाजूने. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ साली कॉलेजच्या प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर दिले. पैसे वाटायचे तर कोणत्या संस्थेला 'कॉलेज' म्हणायचं हे ठरवणं आलं, आणि त्यासाठी शाळेत कोणता विषय किती तास शिकवला हे मोजणं आलं. तासांचं हे माप हळूहळू कॉलेजांतही शिरलं आणि क्रेडिट म्हणून कायमचं राहिलं. आज एक क्रेडिट म्हणजे साधारण आठवड्याला एक तास वर्गात आणि दोन तास वर्गाबाहेर अभ्यास. पदवीला १२० क्रेडिटं लागतात, म्हणजे आठ सेमिस्टर, दर वेळी पंधरा. पंधराला तीनने गुणलं की आठवड्याचे पंचेचाळीस तास होतात. हा गुणाकार ओरिएंटेशनला कोणीतरी फळ्यावर करून दाखवतं. वर्गाबाहेरच्या त्या तीस तासांची गंमत वाटून सगळे हसतात. ऑक्टोबरात ते हसू राहत नाही.

अमेरिकन मुलासाठी पंधरा हा सल्ला असतो. एफ-१ व्हिसावर आलेल्या मुलासाठी त्याच्या खाली आणखी एक आकडा असतो, बारा. पदवीच्या विद्यार्थ्याने दर सेमिस्टरला किमान बारा क्रेडिटं घेतलीच पाहिजेत, हा नियम विद्यापीठाचा नाही, अमेरिकन सरकारचा आहे. त्या बारांत ऑनलाइन कोर्स एकच धरला जातो, तोही तीन क्रेडिटांपुरता. शिवाय विद्यापीठाला या मुलाची नोंदणी झाली की नाही ते सेव्हिस नावाच्या सरकारी संगणकात कळवावं लागतं. एवढं कडक लक्ष त्याच्यावर आजवर फक्त आत्याने ठेवलेलं असतं.

त्याचा रूममेट ओहायोचा. तिसऱ्या आठवड्यात त्याचं रसायनशास्त्राशी पटत नाही. तो बिछान्यावर लोळत फोनवर एक बटण दाबतो आणि रसायनशास्त्र त्याच्या आयुष्यातून जातं. हे पाहून आपल्या मुलालाही अर्थशास्त्राबद्दल तसंच काहीतरी वाटू लागतं. पण त्याच्याजवळ बरोब्बर बारा क्रेडिटं असतील आणि त्याने तेच बटण दाबलं, तर खाली नऊ उरतात आणि नऊ क्रेडिटांचा विद्यार्थी हा कायद्याच्या नजरेत विद्यार्थीच राहत नाही. आधी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयातल्या नेमलेल्या अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. ती मिळण्याची कारणंही नियमात लिहून ठेवलेली आहेत: सुरुवातीला इंग्रजी जड जाणं, वाचनाचा भार न झेपणं, अमेरिकन शिकवण्याची पद्धत नवी असणं, चुकीच्या पातळीच्या वर्गात पडणं. आजारपणाची वाट वेगळी. 'सर बोअर करतात' हे कारण त्या यादीत नाही. म्हणून शहाणे सीनियर नव्या मुलाला एकच मंत्र देतात: बारा कधीच घेऊ नको, पंधरा घे, म्हणजे एकाचा बळी देता येतो.

हाच सल्ला घरी कळला की बाबांच्या डोक्यात दुसरंच गणित सुरू होतं. इंडियानात परराज्यातल्या आणि परदेशातल्या मुलांची फी वर्षाला ४० हजार डॉलरच्या आसपास जाते. पण तिथे, आणि इतरही अनेक सरकारी विद्यापीठांत, ती एका ठरावीक पट्ट्यात सारखीच असते. बारा क्रेडिटं घ्या नाहीतर सतरा, बिल तेवढंच.

"म्हणजे वरची पाच फुकट?" बाबा विचारतात.

"फुकट नाही हो बाबा, पण वेगळे पैसे नाहीत."

"मग सतरा घे की! बारा घेणारे काय वेडे आहेत का?"

या युक्तिवादाला अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात उत्तर आहे, पण तो धडा शिकायला आधी अर्थशास्त्राच्या वर्गात जागा मिळायला हवी.

जागा मिळायच्या आधी दंड दाखवावा लागतो. अगदी शब्दशः. नोंदणीच्या पडद्यावर मुलगा नाव टाकतो आणि समोर 'होल्ड' असं येतं. लसीकरणाची कागदपत्रं अपुरी, क्षयाची तपासणी बाकी. भारतात जन्मलेल्या बहुतेक मुलांच्या डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण असतो आणि ही लस घेतलेल्यांची त्वचेवरची क्षयचाचणी कधीकधी उगीचच सकारात्मक येते. म्हणून बरीच विद्यापीठं रक्ताची चाचणी मागतात. तीत बीसीजीची गफलत होत नाही. हे आधी माहीत असलेला मुलगा ठाण्यातच लॅब गाठून इंग्रजीतला अहवाल घेऊन येतो. माहीत नसलेला मुलगा विद्यापीठाच्या दवाखान्यात बाही वर करून बसतो, आणि तो तिथे बसलेला असताना सकाळी अकराचे वर्ग भरत जातात. उरतात ते आठचे.

आठच्या वर्गाबद्दल नव्या मुलाचा एक वेगळाच भ्रम असतो. उतरल्यापासून आठवडाभर तो जेटलॅगमुळे पहाटे साडेतीनला टक्क जागा असतो. आठ ही त्याला भर दुपारची वेळ वाटते. तो आनंदाने आठचं कॅल्क्युलस, आठचं अर्थशास्त्र, आठचं काहीही घेतो. पंधरा दिवसांत शरीर इंडियानाचं होतं आणि नोव्हेंबरात बाहेर बर्फ भुरभुरायला लागतं, तेव्हा त्या आनंदाचे हप्ते सुरू होतात.

विद्यापीठाचा कोर्स कॅटलॉग हे एक पंचांग आहे. सगळ्यांकडे असतं, सगळे त्यात डोकावतात, पण अमुक गोष्ट अमुक दिवशी का चालत नाही हे सांगायला जाणकारच लागतो. इथला जाणकार म्हणजे ॲडव्हायझर. तो किंवा ती समोर बसते, पडद्यावर नजर टाकते आणि अर्ध्या तासात सांगते की या कोर्सआधी तो कोर्स हवा, तो या सत्रात नाही, हा तुम्हाला मोजला जाणार नाही आणि हा मोजला जाईल, पण बिझनेससाठी नाही. बिचाऱ्या ॲडव्हायझरचं काम अवघड आहे आणि बहुतेकजण ते प्रामाणिकपणे करतात. अडचण एवढीच, की आपल्या मुलाने आयुष्यात कोणताही सल्ला एकाच माणसाकडून घेतलेला नसतो.

दुसरा सल्लागार म्हणजे सीनियर्सचा व्हॉट्सॲप ग्रुप. तिथलं तत्त्वज्ञान साधं: विषय बघू नको, प्रोफेसर बघ. प्रोफेसर बघायची सोय १९९९ पासून उपलब्ध आहे. रेट माय प्रोफेसर्स या संकेतस्थळावर मुलं आपल्या शिक्षकांना गुण देतात, आणि २०१८ पर्यंत तिथे प्राध्यापक दिसायला झणझणीत असेल तर त्याच्या नावापुढे लाल मिरची लागायची. प्राध्यापकांनीच, त्यातही स्त्री प्राध्यापकांनी, आवाज उठवल्यावर ती काढली. आता 'सोपा' आणि 'अवघड' उरलंय, आणि त्यातही गंमत आहे. 'फार काम देतात, वर्गात हजेरी घेतात, पुस्तक खरंच वाचावं लागतं' ही तिथे तक्रार असते. ठाण्यातल्या आईने तेच वाक्य वाचलं तर ती म्हणेल, यांच्याचकडे घाल रे याला.

तिसरे सल्लागार म्हणजे न्यू जर्सीचे काका. काका अमेरिकेत पंचवीस वर्षं आहेत, त्यांचा शब्द घरात अंतिम. मात्र काका इथे एमएस करायला आले होते. अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीयांत अशांचंच राज्य आहे: २०२३-२४ मध्ये तिथे तीन लाख एकतीस हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते, त्यांत पदवीच्या वर्गातले जेमतेम ३६ हजार. त्यामुळे जनरल एज्युकेशन नावाचा प्रकार काकांच्या वाट्याला कधी आलाच नाही. त्यांचा सल्ला ठाम आणि निरुपयोगी असतो. "कॉम्प्युटरचं काहीतरी घे. बाकी सगळं टाइमपास आहे."

बाकी सगळं म्हणजे नेमकं काय, ते पाहण्यासारखं आहे. प्री-बिझनेसच्या मुलाला पहिल्या सेमिस्टरमध्ये बिझनेस जवळजवळ शिकवतच नाहीत. वित्त, मार्केटिंग हे सगळं दाराच्या पलीकडे. केलीचं प्रसिद्ध आय-कोअर, ज्यात तीन-चार विषय एकत्र बांधून मुलांना घुसळून काढतात, ते तर तिसऱ्या वर्षाकडे येतं. अलीकडे असतं गणित, इंग्रजी लेखन, सूक्ष्म अर्थशास्त्र आणि जगातलं उरलेलं सगळं.

गणितात इंडियानाचा एम-११८ हा कोर्स पिढ्यान्‌पिढ्या दरारा राखून आहे. नाव 'फायनाइट मॅथेमॅटिक्स'. ज्याला झेपत नाही त्याच्यासाठी तोच विषय दोन सेमिस्टरमध्ये सावकाश शिकवायचीही सोय आहे. अमेरिकन मुलं त्याचं नाव दबक्या आवाजात घेतात. ठाणेकर घाबरत घाबरत अभ्यासक्रम उघडतो, तर आत काय? संच, क्रमचय-संचय, संभाव्यता, मॅट्रिक्स, लिनियर प्रोग्रामिंग. अकरावी-बारावीच्या पुस्तकातली सगळी जुनी मंडळी ओळीने बसलेली. एक मार्कोव्ह चेन तेवढी अनोळखी. त्याचा ऊर भरून येतो. तो ॲडव्हायझरला सांगतो, हे मी केलंय, याची क्रेडिटं द्या. तेव्हा कळतं की एपी आणि आयबी हे अभ्यासक्रम केलेल्यांना क्रेडिटं देण्याचे तक्ते तयार आहेत. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीचं नाव अशा तक्त्यांत अनेक ठिकाणी सापडत नाही. मग तो एकदा शिकलेलं पुन्हा शिकतो, यावेळी डॉलर देऊन. पहिल्या परीक्षेत चांगले गुण पडतात, मजल्यावरची पोरं शंका विचारायला येऊ लागतात आणि त्याला वाटतं, आपण जन्मजात उद्योगपती आहोत.

ही हवा इंग्रजी लेखनाचा वर्ग काढतो. डब्ल्यू-१३१. एलियट यांच्या तावडीतून सुटलेला तो एकमेव विषय. वीसेक मुलांचा छोटा वर्ग, आणि लपायला मागचा बाकच नाही. ठाणेकराचं इंग्रजी वाईट नसतं, टोफेलला उत्तम गुण पडलेले असतात. पण त्याने आजवर लिहिलेला प्रत्येक निबंध 'नवनीत' किंवा '२१ अपेक्षित'च्या छत्रछायेत लिहिलेला असतो. तिथे चांगलं उत्तर म्हणजे छापील उत्तराच्या जास्तीत जास्त जवळ गेलेलं उत्तर. इथे नेमकं त्यालाच चोरी म्हणतात आणि त्यासाठी अख्खी नियमावली आहे. शिवाय बाई पहिल्या मसुद्यावर विचारतात, "पण यात तुझं म्हणणं काय आहे?" हा प्रश्न त्याला अठरा वर्षांत कोणी विचारलेला नसतो. त्याहून अवघड म्हणजे वर्गात बोलायचे गुण असतात. बालवाडीपासून ज्याला गप्प बस म्हणून सांगितलं, त्याला न बोलल्याबद्दल गुण कापलेले पाहून आतून काहीतरी मोडतं. वर्गातला बेन नावाचा मुलगा पहिल्या तासापासून हात वर करून सात वाक्यं बोलतो आणि त्यांत एकही माहिती नसते. ठाणेकर हे टिपून ठेवतो. थँक्सगिव्हिंगपर्यंत त्यालाही जमतं. बिझनेस स्कूलचं खरं शिक्षण इथेच सुरू झालं, असं कोणी म्हटलं तर ते फारसं चूक ठरणार नाही.

मग जनरल एज्युकेशन. एक कला, एक निसर्गविज्ञान, एक समाजशास्त्र, एखादी जगाची संस्कृती असं थोडं थोडं सगळ्यांनी चाखायचं. यामागचा विचार उदात्त आहे आणि तो ठाण्याच्या दिवाणखान्यात समजावून सांगणं अशक्य आहे. ब्लूमिंग्टनचं जेकब्स संगीत विद्यालय जगात नावाजलेलं. तिथे बाहेरच्या मुलांसाठी रॉक संगीताच्या इतिहासाचे आणि बीटल्सवरचेसुद्धा कोर्स वर्षानुवर्षं तुडुंब भरत आले आहेत.

"तीन क्रेडिटं, म्हणजे चार हजार डॉलर," बाबा हिशेब करतात. "साडेतीन लाख रुपये. गाणी ऐकायला?"

"इतिहास आहे बाबा. परीक्षा असते."

"अरे, आपल्याकडे विविधभारती होतं!"

बाबांना कॉर्नेलबद्दल सांगायचं धाडस मुलगा करत नाही. तिथे हॉटेल मॅनेजमेंटच्या विद्यालयात वाइनची ओळख करून देणारा कोर्स आहे, चव घेण्यासकट, आणि विद्यापीठाच्या व्यायाम विभागाने झाडावर चढायलाही शिकवलं आहे. ज्याचं अर्धं बालपण आजोळी आंब्याच्या झाडावर गेलं, त्याला याचं क्रेडिट मिळतं हे बारावीतच कळायला हवं होतं.

या सगळ्या गोंधळात एक प्रश्न असा असतो जो अमेरिकन मुलांना पडतच नाही. पदवीनंतर एफ-१ वाल्याला सर्वसाधारणपणे बारा महिने काम करायची मुभा मिळते. पण पदवी विज्ञान-तंत्रज्ञानाच्या सरकारी यादीत असेल तर आणखी चोवीस महिने. आणि ती यादी विषयाच्या नावाकडे पाहत नाही, सहा आकडी क्रमांकाकडे पाहते. साध्या अर्थशास्त्राचा क्रमांक ४५.०६०१, तो यादीत नाही. इकॉनॉमेट्रिक्स आणि संख्यात्मक अर्थशास्त्राचा ४५.०६०३, तो आहे. सर्वसाधारण बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन बाहेर, मॅनेजमेंट सायन्स आत. शेवटच्या आकड्यातल्या एकच्या जागी तीन आला की दोन वर्षं पदरात पडतात. साहजिकच ज्या मुलाला बारावीत मार्केटिंगचं वेड होतं, त्याच्या मनात पहिल्या सेमिस्टरच्या मध्यावर संख्याशास्त्राबद्दल अचानक ओढ निर्माण होते. ॲडव्हायझर कौतुकाने विचारते, ही आवड कधीपासून? तो म्हणतो, लहानपणापासून.

पहिल्या आठवड्यात अजून अदलाबदलीला मुभा असते, तोवर वेटलिस्टवरचे आकडे शेअर बाजारासारखे हलत राहतात. कोणीतरी बावीसावरून चौथा झाला म्हणून मजल्यावर पिझ्झा येतो. कोणी भूगर्भशास्त्र सोडून खगोलशास्त्र घेतो, कारण खगोलशास्त्राला शुक्रवारी सुट्टी आहे. मग मुदत संपते, आणि आपल्या मुलाच्या हाती जे वेळापत्रक उरतं त्यात गणित त्याला येत होतं म्हणून आहे, लेखन सक्तीचं म्हणून, अर्थशास्त्र बिझनेसच्या दारासाठी, खगोलशास्त्र शुक्रवारसाठी, आणि पाचवा कोर्स जागा शिल्लक होती म्हणून. त्याचं नाव पाठ व्हायलाही आठवडा जातो.

रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटी चुलत बहीण येते. ती यंदाच एफवायबीकॉमला लागली आहे, पण तिच्या वेळचं एफवाय वेगळं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या कॉलेजांतही मेजर, मायनर, भारतीय ज्ञानप्रणाली आणि ओपन इलेक्टिव्ह आले आहेत. ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचंच घ्यायचं, असा दंडक आहे.

"दादा, तुला या सेमला किती क्रेडिटं?"

"पंधरा," तो थोडा ताठ बसून म्हणतो.

"पंधराच? आम्हाला बावीस आहेत."

मागून बाबांचा आवाज येतो, "बघ! मी म्हणत होतो सतरा घे." दादा विषय बदलायला बघतो. "ते जाऊ दे. ओपन इलेक्टिव्हला तू काय निवडलंस?"

"निवडलं कुठे? आमच्या कॉलेजात एकच होतं."